फक्त चटईच्या टोकाला रेंज येते

ही गोष्ट रात्रीची नाही. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही तसंच वाटायचं.

हे घडलं भर दुपारी, माझ्या पुढच्या खोलीत. डोक्यावर पंखा फिरत होता आणि समोर मुलं बसली होती. मी एकटी असते तर म्हटलं असतं, वय झालं, कान वाजले असतील. पण मुलांनीही ऐकलं. आणि मुलं असल्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायचं असतं तेव्हा ती गृहपाठाबद्दल बोलतात.

जसं घडलं तसं सांगते. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी निवृत्त शिक्षिका. हे गेल्यापासून एकटीच राहते. घर तळमजल्यावर आहे आणि तिन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. दुपारी शाळा सुटली की आसपासची मुलं माझ्याकडे येतात. दारात चपलांचा ढीग पडतो, चटईवर रांग बसते आणि संध्याकाळपर्यंत पाढे, शुद्धलेखन, भांडणं असं सगळं चालतं. त्यांच्या आयांना तेवढीच उसंत मिळते. मला मुलांशिवाय करमत नाही, त्यामुळे उपकार नक्की कोण कोणावर करतं हे विचारू नका.

माझी मुलगी दुसऱ्या शहरात असते, आठव्या मजल्यावर. जावई जहाजावर कामाला, महिनोन् महिने समुद्रात. मुलीला दिवस गेले होते. तिचा रक्तदाब सारखा वाढायचा. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती, की पडून राहा आणि मनाला त्रास होईल असं काही ऐकू नका. नववा लागला की मी जाणार होते. तोवर आम्हा दोघींना जोडणारा एकच धागा होता, फोन.

नवा फोन तिनेच पाठवला.

"आई, तुझ्या त्या डबड्यावर मला तुझं तोंड दिसत नाही. मला बघायचंय तुला."

"काय बघायचंय त्यात? होतं तिथेच आहे तोंड."

"तू घे गं. वाद घालू नकोस. माझं बीपी वाढेल."

हे एक नवीनच शस्त्र तिच्या हाती आलं होतं. मी मुकाट्याने दुकानात गेले. दुकानदाराने जुनं सिम कापून बारीक केलं, नव्या फोनात बसवलं आणि सगळं चालू करून दिलं. दुकानात फोन झकास चालला. घरी आणला…

आणि रेंजची एकही दांडी नाही.

जुन्या फोनला निदान खिडकीत एखादी दांडी मिळायची. याला तीही नाही. अख्ख्या घरात वरती आपलं 'सेवा नाही', 'सेवा नाही'. सिम कापलेलं, म्हणजे परत जुन्या फोनातही घालता येईना. मी पुन्हा दुकान गाठलं.

"आजी, फोन एकदम ओके आहे," दुकानदार म्हणाला. "प्रॉब्लेम तुमच्या घराचा आहे."

"मग घर बदलून देता का?"

तो हसला. त्याने सिम काढून पुसलं, परत घातलं, सेटिंगमध्ये जाऊन काय काय केलं. शेवटी म्हणाला, "बंद करून चालू करत राहा. येईल रेंज."

येईल म्हणाला. कुठून येईल, ते काही म्हणाला नाही.

मी रोज सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन मुलीशी बोलायला लागले. पण तिला अचानक काही झालं तर? तिने फोन केला आणि तो मला लागलाच नाही तर? 

त्या दुपारी मी फळ्यावर सातचा पाढा लिहीत होते. पाठ मुलांकडे होती. फोन माझ्यामागे टेबलावर पडला होता.

मागून आवाज आला…

"येऊ?"

लहान मुलाचा आवाज. थोडा धापा टाकत, उशीर झालेलं मूल वर्गाच्या दारातून विचारतं तसा.

आता मी काय केलं असेल? जे आयुष्यभर करत आले तेच. मागे न बघता, खडू न थांबवता म्हटलं, "ये."

ओळ पूर्ण केली आणि वळले.

दारात कोणी नव्हतं.

रोजची सगळी मुलं चटईवर बसलेली होती. आणि सगळी माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होती.

"कोण आलं रे?" मी विचारलं.

आमच्यात एक भुंगा आहे. सतत काहीतरी गुणगुणत असतो, म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणतात. तो त्या क्षणी गुणगुणत नव्हता.

"बाई, दारातून नाही आलं. फोनमधून आलं."

मी फोन उचलला. काळा पडदा. बटण दाबलं.

सेवा नाही. एकही दांडी नाही. कोणाचा फोन आल्याचीही खूण नाही.

"शेजारच्यांचा टीव्ही असेल," मी म्हटलं. मुलांनी मान डोलावली. मोठ्यांचं मन राखायला मुलं डोलावतात तशी.

त्याच संध्याकाळी मुलं घरी निघाली. भुंग्याला फोन हातात घ्यायची भारी हौस. तो दारात चपला शोधायला वाकला आणि ओरडला, "बाई! रेंज आली!"

मी धावत गेले. खरंच, सगळ्या दांड्या भरल्या होत्या. मी फोन त्याच्या हातातून घेऊन कानाला लावला…

दांड्या गेल्या.

"खाली धरा ना बाई," तो म्हणाला. "इथे येते."

त्याने आपल्या डोक्याच्या उंचीवर हात धरून दाखवला. फोन तिथे नेला, दांड्या भरल्या. वर नेला, गेल्या. चपलांच्या ढिगाशेजारी, फूटभर जागेत, लहान मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर रेंज येत होती.

मला काय झालं सांगू? आनंद झाला. खरंच. मी तिथेच गुडघे टेकून मुलीला फोन लावला आणि पोटभर बोलले. एवढंच जाणवलं, की त्या जागेत डोकं नेलं की कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं बंद. फक्त मुलीचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा.

आणि त्या आवाजाच्या मागे… कोणाचा तरी श्वास. भरभर. धावत आल्यासारखा.

मला वाटलं, माझाच.

दुसऱ्या दिवशी दारात रेंज नव्हती.

मुलांनी लगेच खेळ काढला. आमच्यातली शंका पुढे झाली. तिला प्रत्येक गोष्टीत शंका येते, म्हणून ते नाव. फोन हातात धरून ती खोलीभर फिरू लागली आणि बाकीचे वाकून पडद्याकडे बघत ओरडू लागले.

"थंड… थंड… कोमट… थंड…"

"गरम! गरम! बाई, इकडे गरम!"

खोलीच्या आत, फळ्याच्या समोर. रेंज काल दारात होती, आज आत आली होती. त्यानंतरच्या दिवशी भिंतीजवळ गेली. आणि मग चटईच्या टोकाला, रांगेच्या शेवटी, शंकेच्या शेजारी जाऊन थांबली.

तिथून ती हलली नाही.

आता रेंजची उंचीही कमी झाली होती. मांडी घालून बसलेल्या मुलाच्या डोक्याइतकी.

मी मास्तरीण आहे. नवीन मूल वर्गात कसं येतं, ते मी हजारदा पाहिलंय. आधी दारात घुटमळतं, मग आत येऊन उभं राहतं, मग भिंतीला धरून सरकतं आणि शेवटी रांगेच्या टोकाला, त्यातल्या त्यात मवाळ मुलीच्या शेजारी जाऊन बसतं.

हे मला तेव्हाच सुचलं. पण मी कोणाला बोलले नाही. कारण फोन चालत होता. माझ्या लेकीचा आवाज मला फक्त तिथेच ऐकू येत होता. मुलं गेली की मी त्या जागेवर जाऊन बसायची. हो, त्याच जागेवर. दुसरा उपाय काय होता?

श्वास आता शांत झाला होता.

मुलांनी ती जागा मोकळी सोडायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. मी शंकेला विचारलं, "तिकडे एवढी जागा आहे, सरकून का बसत नाहीस?"

"तिकडे कानात कसंतरी होतं, बाई."

"काय होतं?"

तिने विचार केला. "कोणीतरी ऐकतंय असं होतं."

मग तो रविवार आला. मुलांना सुट्टी. मी चटईच्या टोकाला बसून मुलीशी बोलत होते. ती तिच्या पायांच्या सुजेबद्दल सांगत होती. बोलता बोलता हसली.

"आई, आज रविवारीही शिकवणी? त्या पोरांना जरा सोड की."

"कोण पोरं? आज कोणी नाही आलं."

"मग मागे पाढे कोण म्हणतंय?"

मी खोलीत बघितलं. फळा. चटई. बंद दार…

"काय ऐकू येतंय तुला?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"एकच मूल आहे गं. सातचा पाढा म्हणतंय. सात चोक अठ्ठावीसपर्यंत येतं आणि अडतं. परत पहिल्यापासून सुरू करतं. गोड आहे, पण किती वेळ तेच तेच!"

आठवडाभर मी सातचाच पाढा घेत होते. शंका नेमकी तिथेच अडायची.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "सात पंचे पस्तीस."

मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त त्या कोंडलेल्या शांततेत, शेजारी, कोणीतरी अडकलेला श्वास सोडला.

"हां, म्हणालं बघ," पलीकडून मुलगी म्हणाली. "कोणाचं आहे?"

"शेजारचं," मी म्हटलं. "खेळायला आलंय."

तिचं बीपी वाढू द्यायचं नव्हतं. दुसरं काय सांगणार होते?

फोन ठेवून मी तिथेच बसून राहिले. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या जोडीला आणखीही काहीतरी वाटलं. ज्याला पाढा येत नाही आणि जे न कंटाळता परत पहिल्यापासून सुरू करतं, त्या मुलावर मला रागावता येत नाही. मग ते मूल कोणतंही असो.

मी त्याला 'ते'च म्हणते. मुलगा की मुलगी, आवाजावरून कळलं नाही.

चौकशी केली. या घरात आमच्याआधी एक म्हातारं जोडपं राहायचं, त्यांना मूलबाळ नव्हतं. फोन खोक्यातून नवाकोरा निघालेला. रस्त्यावर कधी काही झालं होतं का, तेही विचारून पाहिलं. कोणाला काही आठवेना. कुठूनच काही लागेना.

माझं निघायचं अगदी तोंडावर आलं होतं. बॅग भरून ठेवली होती. त्या दुपारी मुलं शुद्धलेखन लिहीत होती आणि फोन नेहमीसारखा चटईच्या टोकाला ठेवला होता. तो वाजला.

मी जाऊन बसले. कानात पाणी भरल्यासारखं झालं. पंखा बंद, मुलं बंद.

"आई… आई, ऐकू येतंय का?"

"येतंय, बोल."

"आई, पाणी जायला लागलंय गं. अजून दिवस आहेत ना? शेजारच्या काकू गाडी काढतायत. मला खूप भीती वाटतेय." ती रडत होती. माझी एवढी मोठी मुलगी पहिलीतल्यासारखी रडत होती.

"रडू नकोस. श्वास घे. फाईल घेतलीस का? मी आत्ता निघते. बाळा, श्वास घे आधी…"

आवाज तुटायला लागला. खर्रर्र. तिचे अर्धेच शब्द येऊ लागले. आणि त्या खरखरीतून, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून, स्वच्छ…

"येऊ?"

मी नव्हते ते. माझे ओठ मिटलेले होते.

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. पण त्याआधीच पलीकडून लेक कळवळून म्हणाली…

"ये ना! विचारतेस काय? लवकर ये!"

तिला वाटलं, मी विचारतेय. आई विचारतेय, येऊ का?

फोन कट झाला.

पंख्याची घरघर एकदम कानावर आदळली. मी फोन बघितला. सेवा नाही. तिथेच, त्याच जागेवर, सेवा नाही.

मुलं लिहायची थांबली होती. शंकेने आपल्या शेजारी बघितलं. मग पाटी उचलली आणि सरकून त्या मोकळ्या जागेत बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा नात झालेली होती. वजन कमी होतं, पण तब्येत ठणठणीत. मुलगीही सुखरूप. नर्स म्हणाली, "अशी शांत बाळं फार कमी बघितली. रडतच नाही." सगळे खूश झाले. मीही हसले.

त्यांना घरी आणलं. लेकीच्या घरी आठव्या मजल्यावर पूर्वी रेंज नुसती धो धो असायची. आता…

"आई, मी कंपनीला फोन करून करून थकले," लेक म्हणाली. "ऐकतच नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून घरात कुठेही रेंज नाही. फक्त पाळण्यापाशी येते."

मी पाळण्याकडे बघितलं.

"पाळणा दुसऱ्या खोलीत हलव," मी म्हटलं.

"हलवला गं. रेंज पण हलली."

तिने हे गंमत म्हणून सांगितलं. जावई रजा घेऊन आले होते, ते तर नातीला 'टॉवर'च म्हणायला लागले. "टॉवरला जरा इकडे आणा हो, मला मेल पाठवायचाय!" ती दोघं पोट धरून हसायची. ती इतकी आनंदात होती, की मी काही बोलू शकले नाही. बोलले असते तर काय म्हणाले असते?

दुपारी दोघं झोपली तेव्हा मी फोन हातात घेऊन पाळण्याभोवती फिरले. थंड. थंड. कोमट.

पाळण्याच्या उशाशी, माझ्या कमरेच्या वर, दांड्या भरल्या. कोणी मूल उभं राहून पाळण्यात डोकावलं तर त्याचं डोकं जिथे येईल, बरोबर तिथे.

मी वाकले. कान कोंडले.

हळूच विचारलं, "सात पंचे?"

वाट बघितली. बाळ झोपलेलं. पडदा स्थिर…

"पस्तीस," फोनमधून आलं.

आणि लगेच, न अडता, "सात सक बेचाळीस." हे मी त्याला वेगळं सांगितलेलं नव्हतं.

नातीला अजून काहीही झालेलं नाही, हे मुद्दाम लिहिते. दूध पिते, वजन वाढतंय, खेळते. डॉक्टर खूश आहेत. कदाचित ते नुसतं उभं राहून बघत असेल. मुलांना बाळ बघायला आवडतंच. मी स्वतःला हे दिवसातून अनेकदा सांगते.

पण ती रडत नाही. भूक लागली तरी नाही. आम्ही घड्याळ बघून तिला दूध देतो.

पुढच्या आठवड्यात मला परत जायचंय. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यात आणि मुलांच्या आया विचारायला लागल्यात, "बाई, कधी येताय? पोरं ऐकत नाहीत आमचं."

ते कसं हलतं, हे मला आता माहीत आहे. त्याला कोणीतरी 'ये' म्हणावं लागतं. इथून निघताना मी पाळण्याजवळ वाकून तो एक शब्द म्हटला तर ते माझ्याबरोबर येईल. मला तशी खात्रीच आहे. नात मोकळी होईल. कदाचित त्याच क्षणी रडेलसुद्धा, आणि आम्ही सगळे आनंदाने वेडे होऊ.

मग मी घरी जाईन. दुपारी दार उघडेन. चपलांचा ढीग पडेल. भुंगा येईल, शंका येईल, बाकीची येतील आणि चटईवर रांगेत बसतील. त्यांच्या आया ती निर्धास्तपणे माझ्याकडे पाठवतात.

पाळणा शेजारच्याच खोलीत आहे. तिथून आत्ता काहीच आवाज येत नाहीये.

तो शब्द मी अजून उच्चारलेला नाही. नातीकडे बघितलं की तोंडापर्यंत येतो. आणि मग प्रश्न पडतो…

तिथे गेल्यावर त्याला कोणाच्या लेकराशेजारी बसवू?